आपला, पोरगं आणि गोली

परवा किसनभाऊंचा फोन आला. ज्वारी हुरड्याला आली आहे, रविवारी सकाळीच या, सरांना घेऊन या, म्हणाले. फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं, त्यांनी विचारलं, "ताई, पावसाळ्यात परत वर्ल्ड कप हाय. चाचांचा 'आपला' यंदा खेळंल का न्हाई? सरांना काय वाटतं?"

सर म्हणजे माझे पप्पा. तिसगावच्या हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर पीटी शिकवली. किसनभाऊ त्यांचे विद्यार्थी. शाळेच्या फुटबॉल संघात ते डाव्या बाजूनं पळायचे, आता ज्वारीत आणि कांद्यात फिरतात. आणि 'आपला' म्हणजे अर्जेंटिनाचा कप्तान. तो पाथर्डी तालुक्यात कधी आला नाही, येण्याचं काही कारणही नाही, पण पप्पांचे मित्र शब्बीरचाचा, त्यांच्या तोंडी त्याला दुसरं नावच नाही.

मी जामखेडला शाळेत शिकवते. फोन ठेवून खिडकीशी उभी राहिले, तर नाकाला एकदम भाजत्या कणसांचा वास आला. आसपास कुठंही आगटी पेटलेली नव्हती. हुरडा आणि फुटबॉल यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मला कळतं. पण तीनेक वर्षांपूर्वीच्या त्या एका हिवाळ्यानं ते दोन्ही माझ्या डोक्यात असे कालवून ठेवलेत की आता वेगळे करता येत नाहीत.

त्या वर्षी वर्ल्ड कप हिवाळ्यात होता. यजमान देश वाळवंटातला, उन्हाळ्यात तिथं खेळणं शक्य नाही, म्हणून सगळी स्पर्धा थंडीत आणलेली. आमच्याकडे तो हंगाम उसाच्या ट्रॉल्यांचा. दिवसभर रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, मागं पाचटाचा चुरा उडायचा. बाजाराच्या दिवशी ताजा गूळ यायचा. आणि आमच्या घरी नाताळच्या फराळाची तयारी सुरू व्हायची. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरी नाताळाला करंज्या, चिवडा, शंकरपाळे, सगळं दिवाळीसारखंच होतं. कुणी बाहेरचं आलं की त्याला त्याचं नवल वाटतं, आणि आम्हाला त्याच्या नवलाचं नवल वाटतं.

मी त्या वर्षी साठलेली सगळी रजा टाकून तिसगावला आले होते. पप्पांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही तिघांनी कसे दिवस काढले ते आम्हालाच ठाऊक. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं उलट जास्त ताण येतो. मग हळूहळू बोलायला लागा. आवाज कसा येईल ते आत्ता सांगता यायचं नाही.

हे कुणाला सांगितलं, तर पप्पांना. त्यांनी मैदानावरून "किसन, बॉल सोड" म्हटलं की ते एसटी स्टँडवर ऐकू जायचं. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की सगळ्यांत खालचा, जाड सूर त्यांचा. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे तेव्हा तो सूर मला कानांनी कमी आणि बाकाच्या लाकडातून जास्त कळायचा. आता ते गळ्याला मफलर गुंडाळून ओट्यावर खुर्चीत बसायचे. एक टाळी म्हणजे हो. दोन टाळ्या म्हणजे नाही. बाकी सगळं हातांनी.

वर्ल्ड कपचे वाद दर वेळी शब्बीरचाचांच्या दुकानात व्हायचे. चाचा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. दुकानात तांब्याच्या तारा, व्हार्निशचा वास, आणि एक जुना टीव्ही. त्या वर्षी पप्पांना धूळ आणि वास चालणार नव्हता, म्हणून चाचाच म्हणाले, "सरांकडं बसू." मग रोज सकाळी चाचा दुकान उघडायच्या आधी आणि किसनभाऊ दूध घालून परतताना आमच्या ओट्यावर यायचे. आदल्या दिवशीच्या सामन्याचा पंचनामा चालायचा. आई चहा आणायची आणि दारातच उभी राहून ऐकायची.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पप्पांची मुलगी असून कळत नव्हतं, याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आता त्यांचे हात बोलायला लागले आणि ते समोरच्यांना कळेनात, तेव्हा कुणीतरी सांगणारं लागलं. ते काम माझ्याकडे आलं.

"पप्पा म्हणतायत, मधल्या फळीनं जागा सोडली."

"पप्पा म्हणतायत, रेफ्रीचं बरोबर होतं."

सुरुवातीला मी नुसते शब्द पुरवायचे. मग लक्षात आलं की हाताची एक खूण कळायला आधी सामना कळावा लागतो. म्हणून मी सामने बघायला लागले. आणि बघता बघता प्रश्न पडायला लागले. चेंडू ज्याच्याकडे नाही तो का पळतो आहे? गोल झाल्यावर सगळे एकाच्या अंगावर पडतात, आणि ज्यानं चेंडू दिला तो मागं एकटा का चालत येतो? मी पप्पांना विचारायचे. ते हातांनी सांगायचे. कधी टेबलावरच्या शेंगदाण्यांची रांग लावून दाखवायचे. अकरा इकडे, अकरा तिकडे. आई म्हणायची, "चिवड्याचे आहेत ते."

शब्बीरचाचा अर्जेंटिनाचे, तेही त्या एका माणसामुळे. पहिल्याच सामन्यात अर्जेंटिना हरली तेव्हा चाचा दोन दिवस ओट्यावर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "आपला थकला हाय. पण जाणार न्हाई हो असा."

किसनभाऊ फ्रान्सकडून. त्यांचा खेळाडू वयानं लहान, म्हणून त्याला ते 'पोरगं' म्हणायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "डावीकडनं पळतंय ना ते. मी बी डावीकडनंच पळायचो." त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला पुढचा प्रश्न विचारता आला नाही. घारगावात नाही, सोनईत नाही, कुठंतरी समुद्रापलीकडे एक मुलगा मैदानाच्या त्याच बाजूनं पळतो जिथून आपण पळायचो, एवढं नातं माणसाला पुरतं. मला ते फार आवडलं.

एकदा आई मध्येच म्हणाली, "दोघांच्या पाठीवर दहाच नंबर कसा?"

"दोन येगळे संघ हायेत, वहिनी," चाचा म्हणाले.

"आन् गंमत म्हंजी," किसनभाऊ म्हणाले, "एरवी हे दोघं एकाच क्लबात हायेत. एकत्रच खेळत्यात."

आई करंजीची कड दुमडत होती. थांबली. "मग हे झाल्यावर कामावर गेले की एकमेकांशी बोलतात का?"

हा प्रश्न तिघा पुरुषांना कधी पडलाच नव्हता. पप्पांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि एक की दोन हे न ठरवता तसेच खाली ठेवले.

आणि एक दिवस माझी चोरी पकडली गेली. कुठल्यातरी सामन्यावर बोलणं चाललं होतं. पप्पांनी हात हलवले आणि मी म्हणाले, "पप्पा म्हणतायत, तुमचा आपला चेंडू नसताना नुसता चालतो, पण तो चालत नसतो, बघत असतो. कुठं जागा होणार ते."

शब्बीरचाचांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. "सरोज बेटा, हे सर न्हाई बोलले. हे तू बोलली."

मी पप्पांकडे वळले. ते हसत होते, खांदे हलवून, आवाज न करता. एक टाळी वाजली. चाचांचं बरोबर होतं. पप्पांनी फक्त चहाची खूण केली होती.

त्या दिवसापासून चाचा मला वेगळी गणायला लागले. "सरांचं झालं, आता तुझं सांग." ओट्यावर तिनाचे चार झाले. पस्तिशी ओलांडल्यावर एखाद्या विषयात आपलं स्वतःचं मत नव्यानं उगवतं, ते बोलताना जीभ अडखळते आणि तरी बोलावंसं वाटतं, याची मजा मी कुणाला सांगणार?

पण एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. न बोलण्याचे दिवस संपले होते. आम्ही नगरला जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, जखम छान भरली आहे, आता थोडं थोडं बोला. पप्पांनी मान हलवली होती. घरी आल्यावर आई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. "काहीतरी बोला की." पप्पा पाणी प्यायले आणि त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या.

आईला वाटलं, उद्या बोलतील. दुसऱ्या दिवशीही टाळ्याच. आई रागावली. मग चर्चमधल्या बायकांना प्रार्थना करायला सांगून आली. मग चिडचिड सोडून करंज्यांत जास्तच गुंतली. मी पप्पांकडे बघत राहायचे. आंघोळीला गेले की बंद दाराबाहेर कान लावायचे, एकटे असताना तरी बोलून बघतात का म्हणून. बादलीत पाणी पडण्याचा आवाज यायचा. दुसरं काही नाही.

ओट्यावरच्या दोघांना मी हे सांगितलं नव्हतं. पण चाचांना कळलं असावं. एकदा जाताना फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टरनं सांगितलं का बोलायला?"

"सांगितलं."

"हं," ते म्हणाले. "मग टाळी ऐकू आपन. घाई काय हाय."

फायनल आमच्याच घरी बघितली. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटायचं नाही. फ्रान्स मैदानावर आहे की नाही असं वाटावं इतका वेळ अर्जेंटिनाच खेळत होती. दोन गोल पुढे. चाचांनी शेव खायला घेतली. आणि मग किसनभाऊंच्या पोरग्यानं पापणी लवते न लवते तोच दोन गोल केले. जादा वेळेत आपल्यानं तिसरा केला, पोरग्यानं तोही फेडला. अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा एक जण एकटा गोलीसमोर आला. गोली म्हणजे अर्जेंटिनाचा गोलकीपर, आमच्याकडे सगळे गोलीच म्हणतात. त्यानं डावा पाय लांबवला आणि चेंडू त्या पायाला लागून गेला. मग पेनल्ट्या. अर्जेंटिना जिंकली.

चाचा रुमालानं तोंड पुसत होते, डोळ्यांपासून सुरुवात करून. किसनभाऊंनी चपला घातल्या, उंबऱ्यापाशी वळले आणि म्हणाले, "तीन गोल करून हरलं पोरगं." आणि गेले. त्यानंतरचे काही दिवस ओटा रिकामाच राहिला. वाद घालायला माणसाला आतून जरा सावरलेलं असावं लागतं.

नाताळच्या आधी किसनभाऊंनी हुरड्याला बोलावलं. सकाळची वेळ. थंडी अंगाला झोंबत होती आणि ऊन कोवळं होतं. आगटीत गोवऱ्यांची धग लालसर झालेली. किसनभाऊ कणसं निखाऱ्यात खुपसत होते, बाहेर काढून तळहातावर चोळत होते, फुंकर मारत होते. हिरवा, गोडसर, चिकट हुरडा. लसणाची चटणी, शेव, गूळ. पप्पा पोत्यावर बसले होते. त्यांनी मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

मग चाचांनी काडी टाकली. "आता तरी मान्य करा. दुनियेत असा खेळाडू झाला न्हाई."

"कप मिळाला म्हणून मोठा व्हय?" किसनभाऊ म्हणाले. "फायनलीत तीन गोल. सांगा, कुणी केले तीन? संघ हरला, पोरगं न्हाई हरलं."

"संघ हरला की सगळे हरत्यात, किसन."

"मग संघ जिकला की एकटा तुमचाच कसा जिकतो, चाचा?"

मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे. मी तसं म्हणाले. तेवढ्यात पप्पांनी दोन टाळ्या वाजवल्या. दोघंही चूक. त्यांनी डाव्या पायाच्या नडगीवर थाप मारली.

"गोली?" किसनभाऊ म्हणाले. "सर, त्यानं तीन गोल खाल्ले."

"आन् तो पाय म्हंजी नशीब हो," चाचा म्हणाले. "मी आमच्याच संघाचा हाय, तरी सांगतो. चेंडू येऊन पायावर आदळला. अर्धा हात इकडंतिकडं गेला असता तर आपला रडत घरी गेला असता."

पप्पांनी जोरात मान हलवली. हात वर, खाली, दोन्ही तळवे जमिनीकडे दाबलेले. मी म्हणाले, "पप्पा म्हणतायत, नशीब नव्हतं."

"मग काय हुतं?"

पप्पांनी पुन्हा तीच खूण केली. मला कळेना. "त्यानं अंदाज घेतला होता?" दोन टाळ्या. "पाय चपळ होता?" दोन टाळ्या. त्या महिनाभरात मी पहिल्यांदा म्हणाले, "पप्पा, मला नाही समजत."

ते उठले. नगरच्या मिशन शाळेच्या मैदानावर ते स्वतः गोली होते, डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. एका बाजूला बाभळीचं झाड, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, यांच्या मध्ये जाऊन ते उभे राहिले आणि किसनभाऊंना बोलावलं. चेंडू नव्हता. किसनभाऊ उठले, हात झटकले, आणि ढेकळांतून डाव्या बाजूनं खरोखर पळत आले. पोट सुटलेला तो माणूस पळताना एकदम ओळखीचा वाटला. मी लहानपणी मैदानाच्या कडेला बसून बघितलेला. पप्पा दोन पावलं पुढे आले. हात पसरले. थांबले. किसनभाऊंनी लाथ मारल्यासारखं केलं, तेव्हा कुठे पप्पांचा डावा पाय बाहेर गेला.

"पाय लांब केला," मी म्हणाले.

दोन टाळ्या. परत. किसनभाऊ मागं गेले, परत पळत आले. परत तेच.

"पुढं आला. अंगानं मोठा झाला," मी म्हणाले.

एक टाळी, पण अर्धवट, नाराज. अजून काहीतरी होतं. आणखी एकदा. किसनभाऊ धापा टाकत होते. पप्पांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघं तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होतो.

"आधी पडला नाही," पप्पा म्हणाले.

तो आवाज त्यांचा नव्हता. बारीक, खरखरीत, मधूनच हवेचा. सायकलच्या पंपातून निघावा तसा. पप्पा स्वतःही क्षणभर थबकले, बाजूला कुणी बोललं का हे बघावं तसे. मग पुढे म्हणाले, "गोली घाबरला की आधीच पडतो. हा उभा राहिला. शेवटपर्यंत. मग पाय."

आगटीत एक कणीस तडतडलं. किसनभाऊंनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले होते. मी काहीतरी बोलणार होते. काय, ते आज आठवत नाही, पण नक्कीच चुकीचं असतं.

शब्बीरचाचांनी हातातलं कणीस चोळलं. फुंकर मारली. वर न बघता म्हणाले, "न्हाई सर. पटत न्हाई."

पप्पा त्यांच्याकडे वळले.

"उभा तर आमच्या दुकानाचा खांब बी ऱ्हातो," चाचा म्हणाले. "चेंडू आला म्हणून अडला."

"शब्बीर, तुला गोलीतलं काय कळतं?"

"खांबातलं कळतं, सर."

आणि पप्पा हसले. त्या नव्या, फाटक्या आवाजात हसले, खोकले, पाणी प्यायले आणि वाद घालायला बसले. ऊन चढलं, चटणी संपली. चाचांनी शेवटपर्यंत एक इंच जागा सोडली नाही. ज्याला महिनाभर सगळे जपून वागवत होते त्या माणसाला त्यांनी एकदाही जपलं नाही. पप्पांचं वाक्य तुटलं तर ते थांबायचे, आणि पुरं झालं की लगेच खोडून काढायचे. गोली की आपला की पोरगं, हे त्या दिवशी ठरलं नाही. अजून ठरलेलं नाही. मला विचाराल तर मी पप्पांच्या बाजूची आहे, पण किसनभाऊंच्या त्या प्रश्नाला, जिंकल्यावर एकटाच कसा जिंकतो, माझ्याकडे उत्तर नाही.

पप्पांचा जुना आवाज परत आला नाही. गाण्यातला खालचा सूर आता दुसरं कुणी लावतं, पप्पा पुस्तक धरून ओठ हलवतात. इतके दिवस ते का बोलले नाहीत, हे मी एकदा विचारलं होतं. "कसा निघतोय ते माहीत नव्हतं ना," एवढंच म्हणाले. आणि मग त्या शेतात का बोललात? यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडाच प्रश्न विचारला आहे. म्हणाले, "तुम्हाला कळतच नव्हतं."

त्या दिवशी परतताना मी स्कूटी चालवत होते, पप्पा मागे. घरी आई वाट बघत असेल, तिला हे कसं सांगायचं याचा मी विचार करत होते. पप्पा माझ्या कानाशी बोलायला लागले. किसनच्या विहिरीला यंदा पाणी बरं आहे. ज्वारीवर चिमण्या कमी दिसल्या. तुझ्या गाडीचा मागचा ब्रेक घासतोय, दाखवून घे. करंज्यांत तुझी आई वेलची जास्त घालते, पण तिला कोण सांगणार. उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला तेव्हा त्यांचं एक वाक्य गाण्यात बुडालं, ते त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. वारा होता, आवाज बारीक होता, आणि एकही शब्द सांडू नये म्हणून मी गाडी इतकी हळू चालवत होते की मागून येणारी सायकल आम्हाला ओलांडून गेली.